दीक्षाभूमीची वाट आणि गाडीचे ऑइल

पावसाळा सरत आला की घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड, तिकडे अंधेरी, बोरिवली अशा उपनगरांतल्या आपल्या वस्त्यांना नागपूरचे वेध लागतात. विहारात बैठका होतात. रेल्वेची तिकिटे कोणी काढायची, म्हाताऱ्या माणसांना कोणी सांभाळायचे, भाकऱ्या किती बांधायच्या, याची चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते. अलीकडे या बैठकीत आणखी एक विषय निघू लागला आहे. तरुण मंडळी म्हणतात, आम्ही मोटारसायकलवर येतो.

त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. एके काळी आपल्या वस्तीत दुचाकी आली की चाळभर पेढे वाटले जात. आज कुरिअरवाला, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, पालिकेतला कंत्राटी कामगार अशा अनेकांकडे हप्त्याने घेतलेली का होईना, पण गाडी आहे. आठवड्याचे सहा दिवस ती पोटासाठी पळते. तिच्यावर बसून एकदा बाबासाहेबांच्या वाटेने जावे असे वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र रोज भांडुप ते अंधेरी जाणारी गाडी आणि सतराशे किलोमीटर जाऊन येणारी गाडी यांच्या तयारीत फरक असतो. तो बहुतेकांना ठाऊक नसतो, म्हणून हे लिहितो आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या विहारातून पाच गाड्या आणि आठ माणसे निघणार होती. शेवटी गेल्या चार गाड्या. पाचवी का राहिली हे पुढे सांगतो.

आपला रस्ता कोणता?

मुंबईहून नागपूरला जायचे म्हटले की सगळे समृद्धी महामार्गाचे नाव घेतात. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी आमणे ते नागपूर असा पूर्ण खुला झाला. पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नाही, अटल सेतूवरही नाही. तेव्हा दुचाकीवाल्याने जुनाच रस्ता धरायचा.

जुना रस्ता लांब आहे, गावागावातून जातो, पण तो आपल्या इतिहासातून जातो. पूर्व द्रुतगती मार्गावर घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर लागते. ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेनंतर झालेल्या गोळीबारात दहा माणसे जिथे मारली गेली, ती ही जागा. तिथे अभिवादन करून निघायचे. मुलुंड, ठाणे, शहापूर, कसारा घाट चढून इगतपुरी आणि मग नाशिक. पुढे येवला, वैजापूर, छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा आणि वर्ध्याच्या बाजूने नागपूर. सरासरी सव्वाआठशे किलोमीटर धरा.

त्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला होता. आम्ही दसऱ्याला पहाटे निघायचे, १३ ला येवला आणि १४ ला दीक्षाभूमी असे ठरवले होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ती पूर्ण केली. मध्ये एकवीस वर्षे गेली. आम्हाला ते अंतर दोन दिवसांत कापायचे होते.

गाडी ऑइल खाते म्हणजे काय?

पूर्वीच्या दोन स्ट्रोकच्या गाड्यांत, म्हणजे राजदूत, आरएक्स १००, एम ८० वगैरेंत, ऑइल पेट्रोलबरोबर जळायचेच. ते जळण्यासाठीच असे. १९८५ च्या सुमारास शंभर सीसीची चार स्ट्रोकची गाडी आपल्याकडे आली आणि हळूहळू तीच घरोघर झाली. या गाडीत ऑइल इंजिनाच्या पोटात राहते. पिस्टनला, गिअरला आणि क्लचला तेच एक ऑइल पुरते. ते जळायला नको असते. शंभर सीसीच्या गाडीत ते जेमतेम लिटरभर मावते. एवढ्याशा ऑइलवर सगळे इंजिन तगून असते.

'पेट्रोल भरा आणि विसरा' ही सवय याच गाड्यांनी लावली. पण पेट्रोल संपले तर गाडी नुसती थांबते. ऑइल संपले तर इंजिन जाम होते, मागचे चाक अडकू शकते, आणि भर रस्त्यात मागून ट्रक येत असेल तर माणूस जातो. हा प्रश्न दोन-चारशे रुपयांचा नाही.

इंजिन थोडे ऑइल खातेच. जास्त खाऊ लागले तर कारणे ठरलेली आहेत. पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर झिजला, व्हॉल्व्हचे सील कडक झाले, कुठल्या पॅकिंगमधून किंवा ड्रेन नटाच्या वॉशरमधून गळती आहे, किंवा चुकीच्या ग्रेडचे ऑइल भरले आहे. धूर पाहून बरेच कळते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की निळा भपका येतो आणि मग थांबतो, तेव्हा बहुधा व्हॉल्व्ह सीलचा दोष असतो. रेस दिली की सतत निळा धूर निघत असेल तर रिंगा आणि बोअर.

आपल्या उपनगरांतल्या गाड्यांना आणखी एक रोग आहे. लाल बहादूर शास्त्री मार्गावर कुर्ल्याहून मुलुंडला जा, साकीनाक्याला अंधेरी-कुर्ला रस्त्यावर अडका, किंवा बोरिवलीहून घोडबंदरमार्गे ठाण्याला या. मीटरवर वीस किलोमीटर दिसतात, पण इंजिन तासभर, दीड तास चाललेले असते, तेही अर्ध्या क्लचवर आणि गरम हवेत. "अजून किलोमीटर झाले नाहीत, ऑइल कशाला बदलू?" असे म्हणणाऱ्या भावाने हे ध्यानात घ्यावे. मीटर चाकाचे फेरे मोजतो, इंजिनाचे तास मोजत नाही.

माप कसे घ्यायचे?

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर घेतलेले माप खोटे असते. इंजिन तीन-चार मिनिटे चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटे थांबा. ऑइलचे झाकण काढा, त्याची काठी स्वच्छ फडक्याने पुसा आणि पुन्हा आत ठेवा. पुष्कळ गाड्यांत झाकण आटे फिरवून बसवायचे नसते, नुसते टेकवायचे असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते वाचा. ऑइल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवे. ज्या गाड्यांना काचेची खिडकी असते त्यांत गाडी सरळ उभी करून खिडकीतून पाहायचे. वरच्या खुणेच्या वर भरणेही वाईट. जादा ऑइलला फेस येतो आणि ते भलत्या वाटेने एअर फिल्टरमध्ये जाते.

ही काठी पाहायला कोणाची परवानगी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. घरातल्या बाईमाणसांनी आणि शाळेतल्या मुलांनीही ती पाहायला शिकावे. आमच्या चमूतल्या एका उपासिकेने ते काम स्वतःकडे घेतले होते आणि चारही गाड्यांची वही तिनेच ठेवली.

लांबच्या प्रवासाआधी ऑइलचा खप काढावा. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, मीटरचा आकडा वहीत लिहा आणि पाचशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा. मग पुन्हा वरच्या खुणेपर्यंत येण्यासाठी किती घालावे लागले ते औषधाच्या मापाने मोजा. यासाठी गाडीचे शिक्षण लागत नाही. किराण्याचा हिशेब येतो त्याला हाही येतो.

शोरूममधला कागद

आता सर्व्हिसिंग. कोणी अधिकृत शोरूममध्ये जातो, कोणी वस्तीतल्या मिस्त्रीकडे. दोन्हीकडे चांगली माणसे असतात. शोरूममध्ये मात्र काम कागदावर चालते, आणि कागद आपण वाचला नाही तर तो आपल्या उपयोगाचा नाही.

आमच्यातल्या एका भावाने पूर्व उपनगरातल्या एका शोरूममध्ये गाडी दिली. संध्याकाळी बिल आले. त्यात नवीन ऑइल होते, 'इंजिन फ्लश' होते, चेनची साफसफाई होती आणि आणखी दोन-तीन रकमा होत्या. त्याने तिथेच गाडी डबल स्टँडवर घेऊन काठी पाहिली. ऑइल खालच्या खुणेच्या खाली होते. पर्यवेक्षकाने आधी "असेच असते" म्हणून पाहिले. भावाने काठी शांतपणे त्याच्या हातात दिली. मग ऑइल पूर्ण भरले गेले आणि न विचारता केलेल्या कामाच्या रकमा बिलातून निघाल्या. आवाज चढवावा लागला नाही. तिथे उभे असलेले आणखी दोन ग्राहक मात्र आपापली काठी काढून पाहू लागले.

यावरून काही नियम आम्ही ठरवले, ते असे:

सर्व्हिसिंग प्रवासाच्या आदल्या दिवशी करू नये. आठ-दहा दिवस आधी करावे आणि मग दोनशे किलोमीटर रोजची धाव घ्यावी. ड्रेन नट सैल राहिला असेल, ब्रेक चुकीचा बसला असेल, तर ते घराजवळच कळते.

गाडी देताना जॉब कार्डावर मीटरचा आकडा आणि आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. 'ऑइल कमी होते, पाचशे किलोमीटरला इतके' असे लिहावे. नुसते 'जनरल सर्व्हिस' लिहू देऊ नये. अंदाजे खर्च आधी विचारावा आणि जादा कामाला फोन करूनच परवानगी घ्यावी असे कार्डावर लिहावे.

ऑइलचा डबा आपल्यासमोर फोडायला सांगावा. बाजारात नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत भलतेच ऑइल भरून विकले जाते, म्हणून रिकामा डबा घरी आणून तो कापूनच टाकावा. बदललेले जुने भाग मागून घ्यावेत.

ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचेच घ्यावे, १० डब्ल्यू ३० असो की २० डब्ल्यू ५०. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' हे अक्षर पाहावे. मोटारकारचे ऑइल स्वस्त मिळाले म्हणून घालू नये. दुचाकीचा क्लच ऑइलात बुडालेला असतो, तो त्या ऑइलने घसरू लागतो.

काढलेले जुने ऑइल नाल्यात ओतू देऊ नये. आपल्या वस्त्या नाल्याकाठीच आहेत. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. गॅरेजच्या पिंपातच ते जायला हवे.

एवढे करूनही फसवणूक झाली तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचे शुल्क लागत नाही. जॉब कार्ड आणि बिल जपून ठेवलेले असले म्हणजे झाले.

पाचवी गाडी

आता पाचव्या गाडीची गोष्ट. मुलुंडचा आमचा एक तरुण सहकारी सफाई खात्यात कंत्राटी काम करतो. त्याची शंभर सीसीची गाडी त्याच्या वडिलांची. वडील दरवर्षी रेल्वेने नागपूरला जायचे, कधी जागा मिळाली तर बसून, नाही तर दारात उभे राहून. एकदा तरी या गाडीवर दीक्षाभूमीला जाऊ, असे ते म्हणत. ते राहून गेले आणि वडीलही गेले. मुलाच्या मनात होते की त्यांची गाडी तरी तिथवर न्यावी.

सर्वांनी खप काढला तसा त्यानेही काढला. पाचशे किलोमीटरला १६० मिलिलिटर. हिशेब सरळ होता. हजाराला ३२०, जाऊन-येऊन सतराशेला ५४४, म्हणजे पोटातल्या ऑइलाच्या निम्म्याहून अधिक. हेही रोजच्या हळू चालीचे. मागे माणूस, सामान, कसाऱ्याचा चढ आणि ऑक्टोबरचे ऊन धरले तर किती, ते कोणी सांगावे? भांडुपच्या मिस्त्रीने धूर पाहिला आणि रिंगा-बोअर गेल्याचे सांगितले. शोरूमनेही तेच सांगितले. काम महिन्याच्या पगाराच्या बाहेरचे होते.

विहारात बैठक बसली. कोणी म्हणाले, ऑइलचे दोन डबे बरोबर घेऊ आणि भरत जाऊ. कोणी म्हणाले, बाबासाहेबांच्या नावाने निघालो आहोत, काही होणार नाही. एकाने तर हळूच लिंबू-मिरचीची आठवण काढली, तेव्हा सगळे हसले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात गाडीला लिंबू-मिरची नको, हे आपण सांगतो. मग 'काही होणार नाही' हेही तसलेच लिंबू आहे, असे मी म्हणालो. भगवान बुद्धांनी कालामांना काय सांगितले? ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा. आम्ही पारखून पाहिले होते. माप आमच्या वहीत होते.

तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, बाबा असते तर त्यांनी मला या गाडीवर पाठवले नसते." त्याच रात्री ठरले. त्याच्या आईला महिला मंडळाच्या भगिनींबरोबर रेल्वेने पाठवायचे, आणि त्याने माझ्या मागे बसायचे. वडिलांच्या गाडीची चावी त्याने खिशात घेतली.

वाटेवर

१२ तारखेला पहाटे निघालो. चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला दोघांनाही आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट, हा आमचा पहिला नियम. लहान मूल गाडीवर नाही, तिसरा माणूस नाही, अंधारात प्रवास नाही. गती साठच्या आत. दर सत्तर-ऐंशी किलोमीटरला दहा मिनिटे थांबायचे, माणसासाठीही आणि इंजिनासाठीही. कसारा घाटात खालच्या गिअरवर हळू चढलो.

नाशिकच्या अलीकडे त्रिरश्मी लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण ती दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेच्या दानाचा लेख तिथे आहे. त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. देवळाचे दार उघडले नाही आणि पाच वर्षांनी येवल्यात दुसरी वाट उघडली. रात्री आम्ही येवल्याला मुक्काम केला. सकाळी मुक्तिभूमीवर वंदना झाली आणि मगच काठ्या निघाल्या, वहीत आकडे पडले.

संभाजीनगरला मिलिंद महाविद्यालयाच्या आवारात थांबलो. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते सुरू केले. विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी गेलो. १४ जानेवारी १९९४ रोजी झालेला नामविस्तार आमच्यातल्या तरुणांच्या जन्माआधीचा आहे. त्यांना ते सांगावे लागले.

सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळाला वंदन करून पुढे निघालो. या रस्त्यावर खडकपूर्णा नदीचा पूल लागतो. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे पायी निघाला होता. या पुलावर पोलिसांनी तो अडवला आणि लाठ्या चालवल्या. आम्ही गाड्या बाजूला घेतल्या. कोणी फार बोलले नाही. ज्या रस्त्यावर आम्हाला तासभर बसून पाठ दुखते म्हणून कुरकुर सुटत होती, त्यावरून ती माणसे चप्पल झिजवत आली होती.

मेहकरला मुक्काम केला आणि १४ तारखेला दिवसभर चालून, उजेड असतानाच नागपूर गाठले. दीक्षाभूमीच्या गर्दीत त्या मुलाची आई भेटली. १८ डिसेंबर २००१ रोजी लोकार्पण झालेल्या त्या पांढऱ्या स्तूपासमोर त्याने खिशातली चावी काढून आईच्या हातात दिली. आईने ती कपाळाला लावली नाही. पदराने पुसली आणि परत त्याच्या खिशात टाकली. म्हणाली, "आता गाडी नीट कर."

परत आल्यावर वही पाहिली. चारही गाड्यांना मिळून संपूर्ण प्रवासात पाव लिटरही ऑइल घालावे लागले नव्हते. मुलुंडच्या त्या तरुणाने चार महिने पैसे बाजूला टाकून इंजिनाचे काम करून घेतले. पुन्हा पाचशे किलोमीटरची चाचणी घेतली, तेव्हा काठी जवळजवळ हललीच नाही.

ज्यांना यंदा दुचाकीने निघायचे आहे त्यांनी आजपासूनच वही घालावी. एक महिना आधी खप काढावा, दहा दिवस आधी सर्व्हिसिंग करावे, पीयूसी आणि विम्याच्या तारखा पाहाव्यात. आकडा वाईट आला तर नागपूरला जाणाऱ्या रेल्वेगाड्या आहेत, विशेष गाड्याही सुटतात. दीक्षाभूमी जागच्या जागी आहे. आपण सुखरूप जाऊन सुखरूप घरी येणे महत्त्वाचे. जय भीम!